ठाण्याहून मेलबर्नला घरसामान: कंटेनर, कस्टम्स आणि केरसुणी

आंबेहळद

नमस्कार मंडळी. आम्हा दोघांना ऑस्ट्रेलियाची पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाली आहे, मेलबर्नला जायचंय. लेक तिसरीत आहे, तिचं इथलं वर्ष संपलं की निघू. आता घर आवरायला घेतलंय आणि डोकं गरगरतंय.

तीन पॅकर्सवाले येऊन बघून गेले. तिघांनी तीन वेगळे घनफूट सांगितले. एकाने तर कपाट न उघडताच आकडा लिहिला. कस्टम्सचं विचारलं तर तिघांचं एकच उत्तर: "मॅडम, ते आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त सही करा." मला नेमकी त्या सहीचीच भीती वाटते.

न्यायचं ते असं: आजेसासूबाईंचे शिसवी पाट, पितळी समया आणि देव, नवऱ्याची तबल्याची जोडी, साधारण दोन कपाटं भरून पुस्तकं, घरघंटी (हसू नका, नवऱ्याला विकतचं पीठ चालत नाही), लेकीची सायकल, स्वयंपाकघरातली भांडी, गोधड्या. शिवाय दसऱ्याला घेतलेलं नवं वॉशिंग मशीन आणि नणंदेने निघायची भेट म्हणून दिलेला डिनर सेट, अजून खोक्यातच आहे.

यातलं काय न्यावं, काय नको? ड्यूटी कशावर लागते? सासूबाई म्हणतात केरसुणी तरी इथून ने, नव्या घरात लक्ष्मी हवी. तीही न्यायची का?

टिवल्याबावल्या

सगळं विका, चार बॅगा घेऊन विमानात बसा. आयकिया तिथेही आहे. सामानाच्या भाड्यात तिथे नवं घर लागेल.

आंबेहळद

आयकियात शिसवी पाट मिळतात का? मिळत असतील तर लिंक द्या.

टिवल्याबावल्या

😀 हरलो.

यारातीरी

आंबेहळद, अभिनंदन. मी मेलबर्नलाच असते. आठवेल तसं लिहिते, क्रम लावत बसत नाही.

तुम्ही स्वतःबरोबर विमानात आणता ते एक, आणि मागून जहाजाने येतं ते दुसरं. मागून येणाऱ्या घरसामानासाठी बी ५३४ नावाचा फॉर्म असतो. तो बॉर्डर फोर्स म्हणजे कस्टम्स, आणि शेतीखात्याची बायोसिक्युरिटी, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई रोखणारी यंत्रणा, या दोघांसाठी मिळून एकच. त्याबरोबर पासपोर्टची प्रत आणि सामानाची यादी. पॅकर्सवाला किंवा इथला त्याचा एजंट फॉर्म पुढे पाठवेल, पण मजकूर तुमचा आणि सहीही तुमची. खाली चुकीचं निघालं तर जाब तुम्हाला विचारणार, त्याला नाही. म्हणून "तुम्ही फक्त सही करा" म्हणणाऱ्याला सांगा की आधी भरलेला फॉर्म वाचायला दे.

ड्यूटीचा मुद्दा: इथे राहायला येणाऱ्याने परदेशात निघण्याआधी निदान १२ महिने स्वतःच्या मालकीची असलेली आणि वापरलेली वस्तू ड्यूटीविना, करविना येते. त्याहून नवी असेल तर ड्यूटी आणि १० टक्के जीएसटी लागू होतो. दारू, तंबाखू आणि गाडी या सवलतीत बसतच नाहीत. म्हणजे दसऱ्याचं वॉशिंग मशीन आणि नणंदेचा डिनर सेट, दोन्ही करपात्र. मशीन तिथेच विका. डिनर सेट आणायचाच असेल तर नवा आहे असं लिहून, बिल जोडून आणा. काचेच्या ताटल्यांवरचा कर काही जीव घेत नाही. लपवलेलं उघडं पडलं की मात्र तुमच्या बाकीच्या यादीवरचाही विश्वास उडतो.

पण खरं सांगू का, इथे लोक ड्यूटीत अडकत नाहीत, बायोसिक्युरिटीत अडकतात. सामान आल्यावर मान्यताप्राप्त गोदामात जातं, तिथे अधिकारी तपासतो. तपासणीची फी लागलेल्या वेळेवर ठरते, पाव तासाच्या हिशेबाने. म्हणजे तो जितकी खोकी उघडेल तितका तुमचा मीटर पडतो. काही सापडलं तर तीन वाटा: उपचार करा (धुरी किंवा गॅमा किरण), परत पाठवा, नाहीतर नष्ट करा. तिन्हींचा खर्च तुमचाच.

आता अन्न. एक दाणाही नको. २०२० पासून खपरा भुंगेऱ्यामुळे नियम फार कडक झालेत. धान्याच्या कोठारातली ही कीड आपल्याकडच्या शेतकऱ्यांना माहीत असते. तिची अळी उपाशीपोटी फटीत वर्षानुवर्षं पडून राहू शकते आणि धुरीलाही सहजी दाद देत नाही. ऑस्ट्रेलियात ती पसरली तर इथल्या गव्हाची निर्यातच धोक्यात येते. त्यामुळे तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, जिरं, धणे, बडीशेप, सुकी मिरची हे प्रवाशाच्या बॅगेतून किंवा घरसामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे आपला मिसळणाचा डबा अख्खाच. दुधाचं तर विचारूच नका, खव्याचे पेढे वगैरे मनातही आणू नका. मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरात गेलात की हे सगळं रांगेने मांडलेलं मिळतं.

घरघंटी आणा की, मी कशाला हसू. विजेचा दाब सारखाच आहे, फक्त पिन बदलायची. पण साफ कशी कराल ते नीट ऐका. दळणाचा कप्पा, जाळी, पिठाच्या डब्याची रबरी कडा, आणि खालची ती जागा जिथे वर्षभराचं पीठ दगड होऊन बसलेलं असतं. स्क्रू काढून, टूथब्रशने, मग ब्लोअर मारून, मग दोन दिवस उन्हात. एखाद्या फटीत पिठाचा खवला सापडला तरी अधिकाऱ्याच्या लेखी ते गव्हाचं पीठच.

सायकलीची चाकं, चेनखालची माती, बुटांचे तळ, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी, सगळ्याला हाच न्याय.

गॅसची शेगडी आणू नका. इथे गॅसचं उपकरण प्रमाणित असावं लागतं आणि परवानेवालाच ते जोडून देतो.

केरसुणीचं सासूबाईंना तुम्हीच सांगा. आपल्याला ती लक्ष्मी, अधिकाऱ्याला गवताची पेंढी. सूप, परडी, बांबूची टोपली यांचंही तेच. विणीत दाणा किंवा भुसा अडकलेला असतोच. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला प्लास्टिकच्या झाडूला हळदकुंकू वाहतो. लक्ष्मीने अजून तक्रार केलेली नाही.

गुलबकावली

+१. वाचतेय. पुढच्या वर्षी आमचीही पाळी.

विसोबा_खेचरे

केवढं ते घाबरवणं! माझ्या चुलतभावाने गोधडीच्या घडीत तूरडाळ, गोडा मसाला, सगळं नेलं. यादीत "बेडिंग" लिहिलं. कोण बघतंय? हजारो कंटेनर येतात. यादी जितकी मोघम तितकं बरं, "किचन आयटम्स", "क्लोद्स", "मिसलेनियस". खुलासेवार लिहिलं की त्यांना प्रश्न सुचतात.

यारातीरी

विसोबा, तुमचा सल्ला सगळ्यात महाग पडणारा आहे. मोघम यादी बघितली की अधिकारी म्हणतो, उघडा सगळं. खुलासेवार यादी बघितली की तो चार खोकी निवडतो. आणि मीटर कोणाचा पडतो ते वर लिहिलंय.

शिवाय फॉर्मवर थेट प्रश्न आहेत: खाद्यपदार्थ आहेत का, लाकडाच्या वस्तू आहेत का, बिया, कातडी, पिसं आहेत का. तिथे "नाही" लिहून खाली डाळ निघाली तर ती विसरभोळेपणात जमा होत नाही, खोटं निवेदन होतं. नव्या देशात पाऊल टाकताना पहिल्याच सरकारी कागदावर खोटं लिहायला सांगताय तुम्ही.

विसोबा_खेचरे

बरं बाई, भाऊ नशीबवान म्हणायचा. पण मग यादी नेमकी लिहायची कशी? पॅकिंगवाले तर "कार्टन १, कार्टन २" एवढंच लिहून देतात.

उरणकर

नमस्कार. द्रोणागिरीच्या बाजूला सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या-उतरवायच्या गोदामात, बरीच वर्षं काढली, नंतर कस्टम्स ब्रोकरकडे. घरसामानाच्या फायली पुष्कळ हाताळल्यात. यादीपासूनच सुरू करतो, कारण सगळं तिच्यावर उभं असतं. निघतानाचं कस्टम्स, तिकडचं कस्टम्स, विमा आणि शेवटी सामान ताब्यात घेताना तुमची मोजणी, चारही ठिकाणी तोच कागद पुढे येतो.

वाईट यादी: "खोका १४, किचन, किंमत ५,०००."

चांगली यादी: "खोका १४, स्वयंपाकघर. स्टीलचे डबे, रिकामे, धुतलेले, १२ नग. पोळपाट, लाकडी, १. लाटणी, लाकडी, २. प्रेशर कुकर १. सर्व वापरलेलं, २०१७ पासून. आजची किंमत इतकी."

"रिकामे", "धुतलेले", "वापरलेलं" हे शब्द बिनकामाचे नाहीत. तिकडच्या माणसाला खोकं न उघडता उत्तर मिळतं. यादी इंग्रजीतच करायची हे वेगळं सांगायला नको, पण वस्तूंची नावंही तिकडच्याला कळतील अशी घाला. "परात" लिहून उपयोग नाही, स्टीलची मोठी थाळी लिहा.

दुसरं, लाकूड, बांबू, कातडं, सायकल, बूट असं तपासणीला निघणारं सगळं वेगळ्या खोक्यांत एकत्र ठेवा, त्यांचे नंबर यादीत सलग येऊ द्या आणि पॅकर्सवाल्याला सांगा की ती खोकी सर्वात शेवटी भर. म्हणजे दार उघडलं की तीच हाताला लागतात. लोक काय करतात, एक पोळपाट खोका ३ मध्ये, दुसरा खोका २७ मध्ये, पायपुसणं कपड्यांत. मग पस्तीस खोकी फुटतात.

खोकी नवी घ्या. फळांची, अंड्यांची, भाजीची खोकी चालत नाहीत, त्यांचा वासही नको. भाताचा पेंढा भरून काचसामान बांधायची जुनी पद्धत तर बंदच. लाकडी क्रेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंग कीडमुक्त करण्याचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का हवा, गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं तो. पॅकर्सकडून पॅकिंग डिक्लरेशन घ्यायला विसरू नका: पेंढा नाही, साल नाही, लाकडी पॅकिंगवर उपचार झालेला आहे, असं लिहिलेलं.

इथली वाट अशी. सामान टेम्पोने सीएफएसला येतं, त्याला आमच्यात कार्टिंग म्हणतात. ब्रोकर तुमच्या पासपोर्ट, व्हिसा, यादी आणि अधिकारपत्रावर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्स अर्ज, दाखल करतो. कस्टम्सचा अधिकारी बघतो, वाटलं तर दोन खोकी उघडतो, मग लेट एक्सपोर्ट ऑर्डर, थोडक्यात एलईओ, म्हणजे माल बाहेर जाऊ देण्याची परवानगी. त्यानंतर स्टफिंग (कंटेनर भरणं), सील, आणि न्हावा शेवाहून जहाज. मेलबर्नला सहसा सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला माल उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो. तिथे वेळ जातो आणि त्यावर पॅकर्सवाल्याचा काही इलाज नसतो. "अमुक तारखेला नक्की" म्हणणारा थापा मारतोय असं समजा.

आता घनफुटांचा घोळ. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. मधल्या आकाराचं खोकं ३ घनफुटांचं धरलं तर घनमीटरमध्ये अकरा-बारा खोकी बसतात. तुमची पुस्तकं दिसायला थोडी, वजनाला जड, ती छोट्या खोक्यांत. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, प्रत्यक्षात भरताना थोडी कमीच धरायची. तुम्ही लिहिलेलं सामान त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शात आटपेल असं वाटतं, म्हणजे एलसीएल, इतरांच्या मालाबरोबर वाटून घेतलेला कंटेनर. सर्व्हेला आलेल्या माणसाने कपाट उघडलं नसेल तर त्याला परत बोलवा. पॅकिंग झाल्यावर मोजलेल्या मापावरच बिल, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आणि एलसीएलची खरी मेख तिकडे आहे. कोटेशन स्वस्त दिसतं, मग माल पोहोचल्यावर टर्मिनल हँडलिंग, कंटेनर फोडण्याचा खर्च, डिलिव्हरी ऑर्डर, गोदामभाडं अशी एकेक पावती निघते. "डोअर टू डोअर" मध्ये यातलं काय धरलंय आणि काय नाही हे ओळीओळीने विचारा. बायोसिक्युरिटीची तपासणी बहुधा वेगळीच असते. मोफत दिवस किती, नंतर भाडं किती, हेही. तुमच्या आधी माल पोहोचला तर फॉर्म अडतो आणि भाडं चालू राहतं. म्हणून तुम्ही आधी, माल नंतर.

गुलबकावली

उरणकर, हे छापून फ्रिजवर लावणार.

हिमकण

ब्रॅम्प्टनहून. कॅनडाचं थोडं वेगळं आहे, कोणी शोधत आलं तर असावं म्हणून लिहितो.

इथे यादी पहिल्यांदा उतरता त्याच दिवशी विमानतळावर दाखवायची. बरोबर आणलेल्याची एक आणि मागून येणाऱ्याची दुसरी. फॉर्म बीएसएफ १८६, जुनी मंडळी त्याला अजून बी ४ म्हणतात. अधिकारी शिक्का मारून प्रत देतो, सामान सोडवताना तीच दाखवायची. रात्रीच्या विमानाने दमून आलेली माणसं रांग बघून "मागून काही येणार नाही" म्हणून निसटतात, आणि पुढे खोकी आल्यावर सवलतीसाठी हातापाया पडावं लागतं. सामान दोन वर्षांनी येणार असेल तरी यादी पहिल्या दिवशीच.

इथे १२ महिने वापराची अट नाही. येण्याआधी मालकीचं, ताब्यात आणि वापरलेलं असलं की झालं. लग्नाच्या भेटींना वापराच्या अटीतूनही सूट आहे, लग्न येण्याच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांत असलं तर. म्हणजे रुखवत कॅनडाला चालतं, ऑस्ट्रेलियाला महाग! एकेका वस्तूची किंमत १०,००० डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर कर. आणि करमुक्त आणलेलं १२ महिन्यांच्या आत विकलं तर ड्यूटी भरावी लागते.

घरघंटी आणि मिक्सर मात्र इकडे आणू नका. वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून मिक्सर चालवणाऱ्यांची चटणी बघितली आहे, खलबत्ता परवडतो.

श्टुटगार्टकर

जर्मनीचीही भर घालतो. युरोपीय संघाबाहेर निदान १२ महिने वास्तव्य आणि वस्तू निदान सहा महिने वापरातली. इथे राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत सामान यायला हवं, आणि पुढे १२ महिने विकायचं किंवा उसनं द्यायचं नाही. फॉर्मचा क्रमांक ०३५०. पत्त्याची नोंदणी झाल्याचा कागद लागतो, म्हणून आधी घर, मग नोंदणी, मग सामान. इंग्लंडला जाणाऱ्यांनी तर माल निघण्याआधीच टीओआर १ चा अर्ज करून नंबर मिळवावा, तो नसेल तर सवलत अडकते.

आंबेहळद

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉशिंग मशीन विकायला काढलं, सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या तासात गेलं. घरघंटी उघडली. त्यातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन गोष्टींचं अजून कळत नाही. पाट शिसवी आहेत म्हणून पॅकर्सवाला कचरतोय, "परमिट लागेल" म्हणतो आणि वर पैसे मागतो. आणि सासऱ्यांनी एक लाल फडक्यातलं बासन काढून दिलंय: हाती लिहिलेली पोथी, थोडे मोडीतले कागद. समयाही पणजीच्या वेळच्या म्हणतात. हे नेता येतं का?

उरणकर

शिसवाचं आधी. डाल्बर्जिया वंशातली लाकडं, शिसवी आणि शिसम दोन्ही, २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणून पॅकर्स बिचकतात. पण तयार वस्तूतलं लाकूड १० किलोच्या आत असेल तर साइट्सचा कागद लागत नाही. एक पाट म्हणजे फार तर चार-पाच किलो. प्रत्येक पाट वजनकाट्यावर ठेवा, वजन यादीत लिहा, फोटो काढा. शिसवी पलंग किंवा झोपाळा असता तर गोष्ट वेगळी होती. तयार वाद्यांनाही २०१९ पासून या अटीतून सूट आहे, म्हणजे शिसवाच्या खोडाचा तबला असला तरी लाकडाची अडचण नाही. अडचण असलीच तर कातड्याची, ते यारातीरी सांगतील.

पोथीचं मात्र सांभाळून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखिताला ७५ वर्षंच पुरे, त्याला ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलं की झालं. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. "आमच्या घरातलीच आहे" हे उत्तर चालत नाही. समया नेमक्या किती जुन्या हे सांगता येत नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. वस्तू आणि फोटो घेऊन जावं लागतं आणि वेळ लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधी जा. जुनं पितळ बघितलं की इथला अधिकारी हमखास थांबतो. दाखला वरच ठेवा.

बासन इथेच राहू द्या. घरात कोणी सांभाळणारं असेल तर त्यांच्याकडे, स्कॅन करून प्रत तुमच्याकडे. मोडी वाचणारं कोणी भेटलं तर आधी काय आहे ते तरी वाचून घ्या, अनेकदा जमिनीचे कागद निघतात.

मोरपीस असेल कुठे देवाजवळ तर तेही काढा. मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडेच बंदी आहे.

यारातीरी

तबल्याचं: कच्च्या कातड्याची पुडी, म्हणून फॉर्मवर लिहायचंच आणि तपासणीला निघणार हे धरून चालायचं. केस राहिलेले नकोत, कीड नको, बुरशी नको. उपचाराला पाठवायची वेळ येऊ शकते. वादी आणि गठ्ठ्यांच्या मागे धूळ साठते ती ब्रशने काढा. नवऱ्याचा जीव त्या पुडीत अडकला असेल तर जोडी जहाजात घालू नका, विमानात बरोबर आणा आणि विमानतळावर जाहीर करा. तपासणी टळत नाही, पण समोर उभं राहून बोलता येतं. रुद्राक्ष, तुळशीची माळ, शंख, यांचंही तेच: अंगावर किंवा पिशवीत, आणि जाहीर. औषधंही बरोबरच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

समयांच्या आत वाती, तेलाचा राप, घासताना लावलेली चिंच काही राहू देऊ नका. पितांबरीने लख्ख करून आणा.

गुलबकावली

दागिन्यांचं काय करायचं?

उरणकर

कंटेनरमध्ये कधीही नाही. बरोबर न्या. पुढे अंगावर घालून लग्नाकार्याला परत येणार असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात दाखला करून घ्या, म्हणजे परत येताना "हे इथलंच" हे सिद्ध करता येतं. त्यासाठी वेळ हातात ठेवून पोहोचा आणि सोनाराचं मूल्यांकनपत्र जवळ असू द्या.

कोरडा_हिशेब

विम्यावर कोणीच बोललं नाही. त्याच कामात आहे म्हणून लिहितो.

स्वतः बांधलेल्या खोक्यांवर पॅकर्स यादीत "पीबीओ" लिहितात, म्हणजे मालकाने बांधलेलं. त्या खोक्यातली फूटतूट विम्यात बहुतेक धरत नाहीत, कारण आत काय आणि कसं होतं हे कोणालाच माहीत नसतं. वर तपासणीला तीच खोकी आधी निघतात. म्हणजे स्वतः बांधून वाचवलेले पैसे दोन ठिकाणी जातात. कपडे आणि पुस्तकं फार तर स्वतः बांधा, काच त्यांच्याकडून.

पॉलिसी "ऑल रिस्क" आहे की फक्त जहाज बुडालं तर, हे बघा. किंमत तिकडे नवं घ्यायला काय पडेल ती लावा. कस्टम्सच्या यादीतली किंमत आजची, वापरलेल्या वस्तूची; विम्याची वेगळी. दोन्ही खरे, दोन्हींचे कागद वेगळे.

आणि जनरल अॅव्हरेज विचारा. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला, तर तो ज्यांचा ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांवर वाटला जातो, तुमच्या पाटांवरही. २०२१ मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज अडकलं तेव्हा हेच जाहीर झालं होतं. हमी भरल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असेल तर हमी कंपनी देते, नसेल तर तुम्ही द्या.

टिवल्याबावल्या

म्हणजे जहाज अडकलं त्यांचं आणि वर्गणी आपली? हे तर सोसायटीच्या लिफ्टसारखं झालं.

कोरडा_हिशेब

तंतोतंत. तळमजल्याचा माणूसही सुटत नाही.

आंबेहळद

अजून एक, शेवटचं. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, बदललाच नाही. पॅकर्सवाल्याने कोटेशनपासून सगळीकडे मला "मिसेस" लावून नवऱ्याचं आडनाव लिहिलंय. म्हणतो घरसामान आहे, काय फरक पडतो. आणि यादी एकाच्याच नावाने करायची की दोघांच्या?

उरणकर

फरक पडतो. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी मालासाठी देते तो कागद, थोडक्यात बीएल) कन्साइनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे हा घोळ नेहमीचा: पासपोर्टवर नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव; कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा. पॅकर्सवाला कानाने ऐकून लिहितो. बीएलवर एक नाव, बी ५३४ वर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, म्हणजे माल कोणाचा हेच सिद्ध करत बसायचं. बीएल छापल्यानंतर दुरुस्तीला पैसे पडतात आणि जहाज निघून गेलं असेल तर आणखी पडतात. आधी ड्राफ्ट येतो, व्हॉट्सअॅपवर येतो आणि "ओके करा" म्हणून घाई करतात. पासपोर्ट शेजारी ठेवून तपासल्याशिवाय ओके म्हणू नका.

तुमच्यातलं जे आधी पोहोचणार आणि फॉर्मवर सही करणार त्याच्या नावाने कन्साइनमेंट करा. दोघं एकदमच जात असाल तर ज्याचं नाव सरळ आहे त्याच्या. लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रत फायलीत असू द्या.

आंबेहळद

मग नवऱ्याच्याच नावाने करते. ड्राफ्ट मागवला आहे. पाटांचं वजनही केलं, सगळ्यात जड पाट साडेतीन किलो. पॅकर्सवाल्याला कळवलं, तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्याकडेच कामाला या."

विसोबा_खेचरे

आणि केरसुणी?

आंबेहळद

सासूबाईंनी ती स्वतःच्या घरी नेली. म्हणाल्या, लक्ष्मी माझ्याकडे राहू दे, तुम्हाला लागेल तसे पैसे पाठवीन.